मिस पिताश्री इन हनोई

मराठी मुलगी परदेशात कधीच एकटी जात नाही. तिच्या पासपोर्टवर तिचे बाबा सोबत असतात!

म्हणजे बघा. आधी आपलं नाव, मग बाबांचं, मग आडनाव. बालवाडीच्या दाखल्यापासून पॅन कार्डापर्यंत हाच फॉर्म्युला. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने: एक आडनाव आणि दुसरं ‘गिव्हन नेम’. मधल्या नावाला वेगळी जागाच नाही. मग बाबा बिचारे आपल्या नावाला चिकटून बसतात. पुढे विमानाच्या तिकिटाची सिस्टीम त्या दोन नावांमधली मोकळी जागाही खाऊन टाकते, शेवटी एक ‘मिस’ जोडते आणि बोर्डिंग पासवर जे काही छापून येतं ते एका दमात वाचून दाखवणाऱ्याला माझ्याकडून कटिंग चहा.

(माझ्या बाबांचं नाव इथे छापलं तर पुढचे दोन रविवार मला ऐकून घ्यावं लागेल. म्हणून या लेखापुरतं आपण त्यांना ‘पिताश्री’ म्हणू या.)

तर, हनोई. व्हिएतनामची राजधानी. सात महिने अडकलेलं एक पेमेंट एकदाचं खात्यात आलं आणि मी त्याच रात्री तिकीट काढलं. फ्रीलान्सर मंडळींना हा फंडा सांगावा लागणार नाही. पैसे खात्यात दोन दिवस पडून राहिले, की ते गीझरला आणि भाड्याला जातात. व्हिसाचं टेन्शन नव्हतं. ऑनलाइन फॉर्म, २५ डॉलर फी आणि थोड्या दिवसांत ई-व्हिसा मेलवर. २०२३च्या ऑगस्टपासून तर तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. ज्यांनी कधी युरोपच्या व्हिसासाठी सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स गोळा केलीयेत, त्यांना हे वाचून रडू येईल.

व्हिसापेक्षा सॉलिड चौकशी झाली ती घरात. “एकटीच? का गं, काय झालं?” हा मावशीचा प्रश्न. जणू एकटीनं फिरायला जाण्याआधी काहीतरी व्हावंच लागतं. ब्रेकअप, नोकरी जाणं, निदान डिप्रेशन तरी. काही झालं नाही म्हटल्यावर तिनं बायकांच्या स्पेशल ग्रुप टूरची जाहिरात व्हॉट्सअॅप केली. आईनं मेतकूट, भडंग आणि सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या काढून ठेवल्या. खोबरं मी परत डब्यात टाकलं, कारण सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणे. आईचा यावर अजून विश्वास बसलेला नाही.

आणि पिताश्री? ते काहीच बोलले नाहीत. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि व्हिसा, तिकीट, इन्शुरन्स, हॉटेल बुकिंग अशा सगळ्याच्या तीन-तीन कॉप्या काढून आणल्या. एक सेट माझ्या सॅकमध्ये, एक ट्रॉली बॅगेत, एक घरी फ्रिजवर मॅग्नेटखाली. हॉटेलचा फोन नंबर गुलाबी हायलायटरनं रंगवलेला. “मोबाईलमध्ये सगळं आहे हो,” असं मी म्हटलं. “मोबाईल बंद पडतो,” ते म्हणाले. संपला विषय.

पुणेकरांचा परदेश प्रवास खरं तर द्रुतगती मार्गावरच सुरू होतो. फ्लाइट रात्री साडेबाराची, आणि मी घरातून निघाले संध्याकाळी पाचला. शेअर कॅबमध्ये माझ्यासोबत एक अमेरिकेला निघालेलं आजी-आजोबांचं जोडपं आणि त्यांच्या चार बॅगा. घाटात एक ट्रक आडवा झालेला. आजोबा दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते, आजी दर दहा मिनिटांनी मला विचारत होत्या, “तुझ्याबरोबरचे मुंबईहून बसणार का?” तिसऱ्यांदा मी ‘हो’ म्हणून टाकलं. साडेनऊला विमानतळ!

चेक-इनच्या रांगेत माझ्या पुढे सहा जणांचं कुटुंब होतं. त्यांचे सहा पासपोर्ट टपाटपा पुढे सरकले, एक शब्द विचारला नाही कोणी. मग मी.

“मॅम, हू इज ट्रॅव्हलिंग विथ यू?”

“कोणी नाही.”

काउंटरवरच्या मुलीनं (वयानं माझ्याहून लहानच असेल) एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे. रिटर्न तिकीट? दाखवलं. हॉटेल बुकिंग? दाखवलं. सगळ्या रात्रींचं? सगळ्या रात्रींचं. डॉलर किती नेताय? सांगितले. मग तिला ते नाव सापडलं. पासपोर्टवर दोन शब्द, तिकिटावर एकच शब्द! ती सुपरवायझरला बोलवायला गेली. सुपरवायझर आला, त्यानं डोकं खाजवलं, कोणाला तरी फोन लावला. रांगेतल्या लोकांचे सुस्कारे मला पाठीवर जाणवत होते. अठरा मिनिटांनी उत्तर आलं, की तिकिटावर नाव असंच जोडून येतं आणि त्यात काही प्रॉब्लेम नाही. हे मी पहिल्याच मिनिटाला सांगत होते, पण माझ्या गळ्यात आयडी कार्ड नव्हतं ना!

इमिग्रेशनच्या काउंटरवर मात्र एक मराठी काका निघाले. पन्नाशीचे, चष्मा नाकावर घसरलेला. पासपोर्ट उघडून त्यांनी माझं पूर्ण नाव अगदी नीट, तीन वेगवेगळ्या शब्दांत वाचलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

“एकट्याच?”

“हो.”

“कामासाठी?”

“नाही, फिरायला.”

“तिकडे कोणी ओळखीचं?”

“नाही.”

“कुठे कामाला?”

आता हा आम्हा फ्रीलान्सर लोकांचा वीक पॉइंट. आमच्याकडे लेटरहेड नाही, रजेचा अर्ज नाही, कोणी एचआर नाही. “मी लिहिते,” म्हटलं. “वेगवेगळ्या ठिकाणी.”

“म्हणजे घरीच असता.”

असते ना. काय वाद घालणार? ते पानं उलटत राहिले. कोऱ्या पासपोर्टात बघण्यासारखं तसं काही नव्हतं. मग त्यांनी वर पाहिलं आणि आवाज जरा खाली आणून विचारलं, “वडिलांना माहितीये ना?”

अठ्ठावीस वर्षांची मी. तिकीट माझ्या पैशाचं, टॅक्स मी भरते, पासपोर्टच्या रांगेत मीच उभी राहिले होते. २०१६च्या डिसेंबरात पासपोर्टचे नियमही सैल झाले. आता आई किंवा वडील, एकाचंच नाव दिलं तरी चालतं; लग्न झालेल्यांकडे लग्नाचा दाखला मागत नाहीत. हे सगळं भाषण माझ्या ओठांवर आलं होतं. पण काकांचा चेहरा काही संशय घेणाऱ्याचा नव्हता. घरातल्या माणसासारखा होता, आणि प्रॉब्लेम तोच होता. संशय घेतला असता तर भांडता तरी आलं असतं.

“माहितीये,” मी म्हटलं. “या सगळ्या प्रिंटआउट त्यांनीच काढून दिल्यात.” आणि तो सेट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो चाळला. गुलाबी हायलायटरवर बोट ठेवून किंचित हसले.

“भीती नाही वाटत?”

“वाटते ना.”

शिक्का उचलून ते क्षणभर थांबले. “माझी मुलगी पण मागे लागलीये. बालीला जायचंय म्हणते, एकटीनंच. चोवीसची आहे.” मग धप्प! शिक्का बसला. “आम्ही नाही म्हणतोय अजून,” असं म्हणून त्यांनी पासपोर्ट माझ्याकडे सरकवला आणि मागच्याला हात केला.

त्यातला तो ‘अजून’ शब्द मी सोबत घेऊन गेले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. साडेबाराची फ्लाइट दीडची झाली, मग तीनची, मग बोर्डावर नुसतंच ‘डिलेड’. एक गार सँडविच आणि सफरचंदाच्या ज्यूसचा खोका मिळाला. कोणाची तरी पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत राहिली म्हणून तीनदा नाव पुकारलं (पॉवर बँक हातातल्याच बॅगेत ठेवायची, मंडळी!). गेटजवळच्या खुर्च्यांना मधे हात असतात, त्यामुळे आडवं होता येत नाही; ज्यानं कोणी त्या डिझाइन केल्या असतील त्याला कनेक्टिंग फ्लाइट चुकण्याचा शाप. शेवटी पहाटे सव्वापाचला विमान उडालं, आणि उडताना बघायचं म्हणून ठरवलेली मुंबई मी झोपेत घालवली.

हनोई आपल्यापेक्षा दीड तास पुढे. उतरले तेव्हा तिथे बारा वाजत आले होते. नोई बाय विमानतळावरच्या इमिग्रेशनच्या रांगेत मी सगळी उत्तरं पाठ करत उभी होते. एकटी, फिरायला, ओळखीचं कोणी नाही, लिहिते, वडिलांना माहीत आहे. माझा नंबर आला. हिरव्या युनिफॉर्ममधल्या तरुण ऑफिसरनं पासपोर्ट घेतला, ई-व्हिसाचा कागद घेतला, कॅमेऱ्याकडे बघायची खूण केली. शिक्का. नेक्स्ट!

एक प्रश्न नाही. इतका अभ्यास करून गेल्यावर पेपरच कॅन्सल झाल्यासारखं वाटलं.

१०० डॉलर बदलून घेतले आणि हातात पंचवीस लाखांहून जास्त डोंग आले. आयुष्यात पहिल्यांदा लखपती! आपला एक रुपया म्हणजे ढोबळमानानं ३०० डोंग. मोठ्या नोटा प्लॅस्टिकच्या, सगळ्यांवर हो ची मिन्ह, आणि गंमत म्हणजे २० हजाराची नोटही निळी आणि ५ लाखांचीही निळी. जाणार असाल तर या दोन नोटा पाकिटाच्या दोन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. एकीत चहा येतो, दुसरीत हॉटेलची रात्र.

टॅक्सीवाल्यांच्या गराड्यातून बाहेर पडून ८६ नंबरची बस पकडली. ती थेट शहराच्या जुन्या भागात सोडते, साधारण दीडशे रुपयांत. विमानतळाहून येणारा रस्ता व्हो न्गुएन जाप यांच्या नावाचा. १९५४ साली दिएन बिएन फूला फ्रेंचांना धूळ चारणारे हे सेनापती. २०१३मध्ये गेले तेव्हा वय १०२. आता, जगभर त्यांना ‘जनरल जाप’ म्हणतात, ‘जनरल व्हो’ नाही. कारण व्हिएतनामी लोकांत आडनाव पहिलं, मधलं नाव मध्ये आणि स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी. आणि हाक मारायची ती शेवटच्या नावानं. (हो ची मिन्ह अपवाद. ते सगळ्यांचे ‘हो काका’.)

हे मला बसमध्ये माहीत होतं. त्याचा माझ्याशी काय संबंध, ते हॉटेलात पोचल्यावर कळलं.

जुन्या हनोईतली घरं म्हणजे उभ्या केलेल्या नळ्या. रस्त्यावर तोंड इतकंसं, आत खोलच खोल. तसंच माझं हॉटेल. रिसेप्शनवर विशीतला एक हसरा मुलगा. त्यानं पासपोर्ट घेतला, आडनाव वाचलं, माझं नाव वाचलं, बाबांचं नाव वाचलं आणि त्यांच्या रीतीप्रमाणे शेवटचं उचललं.

“वेलकम टू हनोई, मिस पिताश्री!”

मी समजावून सांगितलं, की ते माझ्या वडिलांचं नाव आहे. तो लगेच गंभीर झाला. “युवर फादर इज ऑल्सो कमिंग? डबल रूम?”

नाही रे बाबा. कोणी येणार नाहीये. सिंगल रूमच.

“ओके,” तो पुन्हा हसला. “नो प्रॉब्लेम, मिस पिताश्री.”

घरी ‘पोचले’ असा मेसेज टाकला आणि दोन तास मेल्यासारखी झोपले.

जाग आली ती हॉर्नच्या आवाजानं. खिडकीतून खाली बघितलं तर संध्याकाळ झालेली आणि गल्ली स्कूटरींनी गच्च भरलेली. क्षणभर वाटलं, लक्ष्मी रोड! पण नाही, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट होती. व्हिएतनाममध्ये हेल्मेटसक्ती २००७च्या डिसेंबरात आली आणि लोक ती चक्क पाळतात. आमच्या पुण्यात तिच्याविरुद्ध समित्या निघाल्या. यावर अधिक लिहीत नाही, मला पुण्यातच राहायचंय.

पाठीवर सॅक, पोटात कावळे, आणि आता खाली उतरायचं. खरं सांगू? त्या जिन्यात मी पाच मिनिटं नुसती उभी होते. आदल्या रात्री सगळ्यांना इतक्या ठासून ‘फिरायला चाललेय’ म्हटलं होतं. काकांना ‘वाटते ना’ म्हटलं होतं तेही खरंच होतं. आता विचारणारं कोणी नव्हतं, तेव्हा ती भीती जरा जास्तच मोठी झाली. बोर्डवरची अक्षरं रोमन, त्यामुळे वाचता येतंय असं वाटतं आणि एक शब्द कळत नाही. खोलीत मेतकूट होतं. भडंग होती. उद्या सकाळपासून सुरुवात केली तर कोणाला कळणार होतं?

खालून त्या मुलानं वर पाहिलं. “लेक इज लेफ्ट साइड, मिस पिताश्री!”

पिताश्रींच्या नावाची लाज राखायची तर उतरणं भाग होतं.

पहिली परीक्षा रस्ता ओलांडण्याची. इथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे आधी डावीकडे बघायचं. बघून उपयोग काही नाही, कारण रांग संपतच नाही. मी एका भाजीच्या टोपल्यावाल्या आजींच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि त्या निघाल्या तशी निघाले. युक्ती अशी, की हळू आणि एका चालीत चालत राहायचं. धावायचं नाही, थांबायचं नाही, मागे तर अजिबात फिरायचं नाही. तुमची चाल बघून स्कूटरी बाजूनं वाहत जातात, ओढ्यातल्या दगडाच्या बाजूनं पाणी जातं तशा. पलीकडे पोचल्यावर आजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मात्र त्यांना मिठी मारावीशी वाटत होती.

मग भीडच चेपली. या भागातल्या बऱ्याच गल्ल्यांचं नाव ‘हांग’नं सुरू होतं. हांग म्हणजे माल. हांग बाक चांदीची, हांग गाई आता रेशमाची, हांग मा कागदी दिव्यांची आणि सजावटीची. आपली तांबट आळी, बुरूड आळी असते ना, तसंच सगळं. फुटपाथ नावाला. त्यावर स्कूटरी लावलेल्या आणि उरलेल्या जागेत लहान मुलांच्या असाव्यात अशा प्लॅस्टिकच्या स्टुलांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन जेवतायत.

होआन किएम तळ्यावर पोचले तेव्हा दिवे लागले होते. नावाचा अर्थ ‘परत केलेली तलवार’. गोष्ट अशी, की पंधराव्या शतकात ले लोई राजानं एका दैवी तलवारीच्या जोरावर चिनी मिंग सैन्याला हाकललं, आणि नंतर तो या तळ्यात नावेतून फिरत असताना एक कासव वर आलं नि देवाची तलवार परत घेऊन गेलं. आपली तलवार लंडनहून परत आणायच्या घोषणा मी शाळेपासून ऐकतेय. इथे तलवार परत दिल्याचं कौतुक! तळ्यातलं ते प्रचंड, म्हातारं, लोकांनी देवासारखं मानलेलं कासव २०१६च्या जानेवारीत गेलं तेव्हा शहर हळहळलं होतं. त्याचं जतन केलेलं शरीर तळ्यातल्या न्गोक सोन मंदिरात ठेवलंय. लाल पुलावरून तिथे जातात. मी गेले तेव्हा मंदिर बंद झालेलं, पूल मात्र पाण्यात दुसऱ्यांदा पडलेला.

काठावर बायका एका लयीत एरोबिक्स करत होत्या. आजोबा बुद्धिबळासारखं काहीतरी खेळत होते. माझ्या एकटीकडे कोणी वळूनही बघत नव्हतं, हे लक्षात यायलाच मला अर्धी फेरी लागली. ओढणी सारखी करणारा माझा हात कधी खाली आला, कळलंच नाही.

आता जेवण. दिवस गुरुवार, आणि आईला शब्द दिलेला. व्हिएतनामीत शाकाहारीला म्हणतात ‘चाय’! त्यामुळे मी तीन दुकानांत जाऊन “चाय? चाय?” करत होते, आणि कोणी मला चहा देत नव्हतं, याचं मला आश्चर्य वाटेनासं झालं होतं. चौथ्या ठिकाणी पाटीवरच ‘चाय’ लिहिलेलं. कढईपाशी एक काकू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मी सरसावले, आता तोच प्रश्न! त्यांनी एक बोट वर केलं.

“मोट?”

मोट म्हणजे एक. मीही एक बोट वर केलं. “मोट.”

त्यांनी ढिगातून एक निळं स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. पाच मिनिटांत वाफाळता बाऊल आला. शेवयांसारखे तांदळाचे नूडल्स, टोफू, मशरूम, वर मूठभर हिरवा पाला आणि लिंबाची फोड. कालच्या त्या सँडविचनंतरचं पहिलं गरम अन्न. रस्त्याकडे तोंड करून, गुडघे छातीशी घेऊन, मी शेवटचा थेंबही सोडला नाही.

नंतर अंड्याची कॉफी प्यायची होती. १९४६ साली दुधाची टंचाई होती, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलातल्या न्गुएन व्हान जांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला, तीच ही. पण गुरुवारी अंडं चालतं की नाही यावर आमच्या घरात दोन गट आहेत. म्हटलं, शुक्रवारी सकाळी. तसंही मॅप बघून बघून मोबाईलनं मान टाकली होती.

आठवणीनं वळणं घेत हॉटेलवर पोचले तेव्हा साडेदहा झालेले. रिसेप्शनवरचा मुलगा उभ्यानंच लँडलाइनचा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून, अतिशय गोंधळून बोलत होता. मला बघितल्यावर त्याचा चेहरा उजळला.

“यस, यस सर! शी इज हिअर!” आणि रिसीव्हर माझ्यापुढे. “मिस पिताश्री... मिस्टर पिताश्री.”

“अगं, आहेस कुठे?” पलीकडून बाबांचा आवाज. पुण्यात नऊ वाजलेले, मागे टीव्हीवर मालिका सुरू. “मोबाईल बंद. हॉटेलात तुझं नाव सांगतोय तर हा म्हणतो, या नावाचं कोणी उतरलेलंच नाही. माझ्या छातीत धस्स झालं. मग त्यानं माझं नाव विचारलं, मी सांगितलं, तर म्हणतो, हो, ते आहेत, पण बाहेर गेलेत!”

मी हसत सुटले. त्यांना काही कळेना.

“मी कुठे गेलोय बाहेर?” बाबा म्हणाले. “बरं, ते जाऊ दे. जेवलीस का?”